मागून आलेली हाक

१

महाळुंग्यात सोपानरावांच्या घरी एक नेम होता. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. आणि कुणी मारलीच तर ओ द्यायची नाही, वळून बघायचं नाही, सरळ पुढं जायचं. का, ते विचारायचं नाही.

सोपानरावांच्या मुलीने, अपेक्षाने, सहाव्या वर्षी विचारलं होतं. तिचे आजोबा आबाजी तेव्हा “इचारायचं न्हाई म्हंजे न्हाई” एवढंच म्हणाले आणि पानाला चुना लावायला लागले. आता ती चोवीस वर्षांची होती. तळेगावातून इंजिनिअरिंग करून चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला लागली होती, दिवसभर लोकांना ‘हे असं का’ विचारायचाच पगार घेत होती. घरातला ‘का’ मात्र अजून त्या चुन्यात अडकून पडला होता.

नेम पाळायचा म्हणजे काय काय करावं लागे! कुणाचा डबा विसरला, तर आई डबा हातात धरून ओट्यावर उभी राही. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत ओठ घट्ट मिटलेले. मग पाच मिनिटं मोजून ती फोन करी. तोवर माणूस वजनकाट्याच्या वळणावर पोचलेला, पुढं एक ट्रेलर, मागं एक ट्रेलर, आणि तो एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने फोन कानाला लावून ऐकतोय की भाजी घरी राहिली.

“हाक मारली तर अपशकुन, आणि फोनच्या नादात ट्रेलरखाली गेलं की काय? शुभशकुन?” अपेक्षा भांडायची.

“जिभेला हाड हाय का हिच्या!” सोजरआत्या म्हणायची. ही तिच्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून वीस वर्षं याच घरात होती, आणि अंगण तिच्या ताब्यात होतं. सकाळ-दुपार खराटा घेऊन ती ते झाडत असे. मातीचं अंगण जाऊन पेव्हर ब्लॉक आले, एका बाजूला भाडेकरूंच्या आठ खोल्या उठल्या, तरी खराटा तोच.

चौदा महिन्यांपूर्वी त्याच वजनकाट्याच्या डाव्या वळणावर अपेक्षाचा थोरला भाऊ समर्थ गेला. सेकंड शिफ्टला निघाला होता, दुपारी दोनला. हेल्मेट होतं. नुसतं डोक्यावर ठेवलेलं नव्हे, नीट पट्टा लावून बांधलेलं होतं. तरी गेला. वळणावर खडी सांडली होती, असं घरात सांगितलं जाई, आणि त्यापुढं कुणी काही बोलत नसे.

गाडी भंगारात द्या, असं सगळी भावकी म्हणाली. अपेक्षा हँडल धरून बसली आणि उठलीच नाही. शेवटी फारूक मेकॅनिकने गाडी सरळ करून दिली. बारा वर्षांची जुनी गाडी. आता तीच गाडी घेऊन ती रोज सकाळी सव्वासातला कामाला निघत असे.

२

हाक पहिल्यांदा आली ती एका मंगळवारी.

थंडीचे दिवस होते. तिने गाडी सुरू केली, हेल्मेट घातलं, अंगणातून फाटकाकडे वळली.

“ओ इन्स्पेक्टर!”

तिने दोन्ही ब्रेक दाबले. क्वालिटीला लागल्याच्या पहिल्या दिवसापासून समर्थ तिला याच नावाने हाक मारायचा. दुसरं कुणी नाही.

ती वळून बघू लागली. अंगणात अर्धं ऊन होतं. भाडेकरूंच्या निळ्या पँटी दोरीवर थेंब गाळत होत्या. कोपऱ्यात शेवग्याखाली समर्थची गाडी उभी राहायची ती जागा. तिथल्या ब्लॉकवर ऑइलचा जुना डाग. ओट्याजवळ आत्या खराटा धरून वाकलेली होती. बस. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, खट्. लहानसा, कोरडा.

गाडीचा साइड स्टँड टाचेने वर मारला की स्प्रिंग त्याला खेचून घेते, तेव्हाचा तो आवाज. अपेक्षाला तो झोपेतही ओळखता आला असता. पण तिच्या गाडीचा स्टँड तर केव्हाच वर होता.

भाडेकरूंपैकी कुणाचा तरी मोबाइल असेल. रील चालू असेल. ‘ओ इन्स्पेक्टर’ काय, कुणीही कुणाला म्हणू शकतं. तिने मनाला असं बजावलं आणि पुन्हा क्लच दाबला. तेव्हा हनुवटीखाली काहीतरी हललं. हेल्मेटचा पट्टा. लावायचा राहून गेला होता.

समर्थ तिचा पट्टा स्वतः लावून द्यायचा. मग हनुवटी आणि पट्टा यांच्यामध्ये आपली दोन बोटं घालून बघायचा. “दोन जायला पाहिजेत. तीन गेली तर ढिला, एक गेलं तर तू गुदमरशील आणि माझ्या नावानं बोंब मारशील.” ती वैतागायची. नोकरीला लागलेल्या मुलीला असं शाळेतल्या पोरीसारखं?

तिने पट्टा लावला. दोन बोटं घालून बघितली. निघताना तिच्या लक्षात एकच गोष्ट राहिली. आत्याने मान वर केली नव्हती, पण तिच्या खराट्याची खरखर थांबली होती. हाक आल्यावर नव्हे. हाकेच्या क्षणभर आधी.

३

बुधवार, गुरुवार काही नाही. शुक्रवारी पुन्हा हाक. या खेपेस तिच्या ओढणीचं टोक मागच्या चाकाजवळ लोंबत होतं. ते चेनमध्ये गेलं असतं तर गळ्याला काय झालं असतं, हे तिने ओढणी गुंडाळून पिशवीत कोंबल्यावर मनात आणलं.

ती हिशोबी डोक्याची मुलगी. कंपनीत एखाद्या पार्टमध्ये दोष निघाला, की ती तो मुद्दाम पुन्हा घडवून बघायची. घडला तरच खरा. सोमवारी ती सगळं जागच्या जागी करून निघाली. पट्टा, ओढणी, आरसे, स्टँड. हाक नाही. मंगळवारी तिने पट्टा मुद्दाम मोकळा ठेवला.

अंगणाच्या मध्यावर आली. काही नाही. फाटकाशी आली. काही नाही. ती स्वतःशीच हसली. चला, भास होता तर.

“अपे.”

या वेळी आवाज कोपऱ्यातून आला नाही. मागच्या सीटवरून आला. अगदी कानापाशी, हळू. रागावलेला नव्हता, रात्रपाळी करून आल्यावर समर्थ जसा बोलायचा, तसा दमलेला होता. चेष्टा करू नकोस, असं सांगताना बोलावं तसा. आणि गाडी किंचित खाली बसली होती, मागं माणूस असल्यावर बसते तेवढी.

तिने पट्टा लावला. तीन वेळा चुकला, चौथ्यांदा बसला. मग गाडी हलकी झाली. मागं न बघताही तिला ते कळलं.

वजनकाट्याच्या वळणावर तिने गाडी बाजूला घेतली आणि हेल्मेटच्या आत पोटभर रडली. शेजारून ट्रेलर जात राहिले. भीती होतीच, नाही कशी म्हणायची? पण रविवार येईतो तिच्या लक्षात आलं, की आपल्याला भीती आता वेगळीच वाटते आहे. ही हाक एखाद दिवशी यायची थांबली तर?

त्या परीक्षेच्या वाटेला ती पुन्हा गेली नाही.

४

“फारूकभाई, स्टँडची स्प्रिंग जरा बघा. आवाज येतो.”

फारूकचं गॅरेज चाकण रस्त्याला होतं. तो चहाचा ग्लास खाली ठेवून उकिडवा बसला, स्टँड दोनदा खालीवर केला.

“एकदम टाइट आहे, ताई. दोन स्प्रिंगा घातल्यात मी हिला.”

“दोन? सगळ्यांना एकच असते ना?”

“सगळ्यांना एकच.” तो फडक्याला हात पुसत राहिला. पुसून झाले तरी पुसत राहिला. “तुम्ही चालवणार म्हणालात, म्हणून घातली.”

“फारूकभाई, माझ्याकडे बघा. काय झालं होतं?”

“आबांना शब्द दिलाय, ताई.”

“आबा गाडी चालवत नाहीत. मी चालवते.”

फारूकने आजूबाजूला बघितलं. मग स्टँडच्या टोकावर बोट ठेवलं. “त्या दिवशी गाडी टेम्पोत घालून मीच आणली. खडी-बिडी काही नव्हती. स्टँडचं हे टोक घासून घासून आरशासारखं झालं होतं. खाली राहिला होता स्टँड. आता नव्या गाड्या स्टँड खाली असला तर चालूच होत नाहीत, पण ही जुनी. सरळ रस्त्याला काही कळत नाही, ताई. डावं वळण आलं, गाडी डावीकडे झुकली, की स्टँड रस्त्यात रुततो. मग गाडी माणसाचं ऐकत नाही. कितीही चांगला चालवणारा असू दे.”

“तुम्ही हे घरी सांगितलंत?”

“सांगितलं ना. आबा म्हणाले, गेलेल्या पोराची चूक गावात कशाला? खडी म्हण.”

ती घरी आली आणि गाडी शेवग्याखाली, समर्थच्या जागी लावली. मग ओट्यावर जाऊन बसली आणि नुसतं बघत राहिली. कोपऱ्यापासून फाटकापर्यंत चाळीस पावलं. निघालेल्या गाडीची डावी बाजू सगळा वेळ ओट्याकडे. स्टँड डाव्या बाजूला असतो. दुपारी दोनला जेवणं होऊन आबा पान लावत ओट्यावर बसलेले असतात. आणि आत्या अंगण झाडत असते.

५

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर आबांनी ओट्यावरूनच जाहीर केलं, “अंगान बांधून घ्याचं हाय. भगताला सांगितलंय. सोपान, जाऊन घेऊन ये त्येला.”

“अंगण बांधायचं म्हणजे?” अपेक्षाने विचारलं.

आबांनी तिच्याकडे बघितलं नाही. “मागून आवाज येतोय अंगनात. मंतर घालून बंद कराया पायजे.”

म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं. सगळ्यांनाच येत होतं. इतके दिवस हे सगळे एका ताटात जेवत होते आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता!

“तो आवाज कुणाचा आहे, माहीत आहे ना तुम्हाला?”

“म्हनूनच,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज जरा फाटला. “गेलेल्या मानसानं जावं. त्येला बी सुटका नको का?”

सोपानराव उठले. मुलगा गेल्यापासून हा माणूस दिवसाला दहा शब्दांवर आला होता. सांगितलं की उठायचं, वाढलं की जेवायचं. त्यांनी कोपराला हेल्मेट अडकवलं, आपली जुनी गाडी सुरू केली आणि ते निघाले.

“पप्पा!”

हाक कोपऱ्यातून आली, दिवसाढवळ्या, लख्ख. आई भांड्यांच्या ओल्या हातांनी दारात आली. आत्याचा खराटा जागीच थांबला. आबांनी मान खाली घातली.

सोपानरावांच्या मानेची शीर ताठ झाली. त्यांनी ऐकलं होतं. चौदा महिन्यांनी मुलाने हाक मारली होती, आणि लहानपणापासून अंगात मुरलेल्या नेमाप्रमाणे बापाने वळून न बघता ॲक्सिलरेटर पिळला.

“पप्पा, स्टँड!” कोपऱ्यातून पुन्हा.

अपेक्षाने बघितलं. स्टँड खाली होता. ब्लॉकपासून चार बोटं वर, लटकत चालला होता. तिने आत्याकडे बघितलं. आत्याचे डोळे त्याच स्टँडवर होते, आणि पदराचा बोळा तोंडात होता.

“पप्पा, थांबा!” अपेक्षा किंचाळली. ते थांबले नाहीत. मागून आलेली हाक ती, मेलेल्याची काय आणि जित्याची काय! ती ओट्यावरून उडी मारून भाडेकरूंच्या खोल्यांसमोरच्या जवळच्या वाटेने धावली, बादल्या लाथाडत, ओल्या कपड्यांमधून, आणि रस्त्याच्या तोंडाशी गाडीपुढं जाऊन हात पसरून उभी राहिली. पुढून मारलेल्या हाकेला नेमात बंदी नव्हती.

गाडी करकचून थांबली. चाक तिच्या गुडघ्याला टेकलं.

“स्टँड,” ती धापा टाकत म्हणाली.

सोपानरावांनी खाली बघितलं. तीही बघत होती. त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर होते, दोन्ही हात हँडलवर. तरी स्टँड हळूच मागं गेला, कुणीतरी बुटाच्या चवड्याने सावकाश लोटावा तसा, आणि वर बसला. खट्. त्यांच्या पायाशी धुळीत एक ठसा उमटला होता, सेफ्टी शूचा, पुढून गोल, जाड. सोपानरावांच्या पायात चप्पल होती.

दोघंही त्या ठशाकडे बघत राहिले. मग बापाने कोपरावरचं हेल्मेट काढलं, डोक्यात घातलं आणि पट्टा लावायला घेतला. जायचं तर आता कुठंच नव्हतं. तरी लावला. काचेच्या आत त्यांचा चेहरा ओला झाला होता.

६

“मागून हाक मारलीस,” ती अंगणात परत आली तेव्हा आबा म्हणाले. “बापाला. निघालेल्या मानसाला.”

“मारली. उद्याही मारणार. रोज मारणार.” ती ओट्याच्या पायरीशी उभी राहिली. “आबा, दादा निघाला तेव्हा इथं कोण कोण होतं?”

आबांनी पानाचा डबा ओढून घेतला.

“स्टँड कुणी बघितला होता?”

“अपे, बास कर,” आई म्हणाली.

“म्या बगितला व्हता.”

आत्या. खराटा तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, लहान मूल धरावं तसा. “म्या बगितला. तोंडाशी आलं व्हतं गं. समर्था, स्टँड, एवढंच म्हनायचं व्हतं. आबाकडं बगितलं. आबानं मान हलवली, न्हाई म्हनून. आमी म्हनलं, पाच मिंटांनी फोन लावू.” तिने पदर तोंडावर घेतला. “लावला. त्यानं उचललाच न्हाई.”

अपेक्षाला वाटलं होतं, हे ऐकल्यावर आपण ओट्यावरचं सगळं उधळून देऊ. पण आत्याचे ते सुरकुतलेले हात खराट्यावर वळलेले बघून तिच्याच्याने ते झालं नाही. ही बाई चौदा महिने रोज दोन वेळा त्याच चाळीस पावलांवरून झाडत होती. अपेक्षाने जवळ जाऊन तिच्या हातातून खराटा काढून घेतला.

“भगत येनारच,” आबा म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. “आज न्हाई तर उद्या. तवर कुनी ओ द्याची न्हाई. ह्या घरचा नेम हाय.”

“भगत येणार नाही. मीच जाऊन सांगते त्याला.” तिने खराटा भिंतीला टेकवला, ओट्यावरचं हेल्मेट उचललं. “तुम्ही माझ्या भावाला मरणाच्या वाटेवर जाताना हाक मारली नाहीत. आता तो मारतोय, तर त्याचं तोंड बांधायला निघालात.”

“अपेक्षा!”

“मी हा नेम पाळणार नाही, आबा. का पाळत नाही, ते विचारायचं असेल तर विचारा. मी सांगेन.”

शेवग्याखालून तिने गाडी काढली. टाचेने स्टँड वर मारला, सुरू केली. रागाने कान तापले होते, समोरचं नीट दिसत नव्हतं. ओट्यासमोरून ती पुढं गेली. दहा पावलं. वीस.

“ओ इन्स्पेक्टर!”

आवाजात हसू होतं. जुनं, घरचं.

तिने ब्रेक दाबला. हनुवटीखाली पट्टा मोकळा झुलत होता. ती सीटवरच पूर्ण मागं वळली, ओट्यावरच्या सगळ्यांच्या देखत, आणि ऑइलच्या डागाकडे सरळ बघत खणखणीत ओ दिली.

“ओ, दादा! बांधते.”

पट्टा लागला. तिने त्यात दोन बोटं घातली, सगळ्यांना दिसेल अशी हनुवटी वर करून.

आबांचं बोट चुन्याच्या डबीत होतं ते तिथंच राहिलं. आत्याने तोंडावरचा पदर खाली घेतला होता. रस्त्याच्या तोंडाशी सोपानराव हेल्मेट घालून तसेच गाडीवर बसले होते, मान कोपऱ्याकडे वळवून.